रुंदी न सांगणारी आज्ञा

एकाच आज्ञेने अनेक आकड्यांवर एकदम काम करणारा आज्ञासंच इंटेलने टप्प्याटप्प्याने रुंद केला: १९९९च्या एसएसईत १२८ बिट, २०११च्या एव्हीएक्समध्ये २५६, मग ५१२. दर वेळी आज्ञा नव्या, त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमना वाढीव रुंदीचा लाभ आपोआप मिळेना. आर्मने २०१६मध्ये जाहीर केलेल्या एसव्हीई या तशाच आज्ञासंचात मात्र आज्ञा रुंदी सांगतच नाही. चिपमध्ये १२८ ते २०४८ बिटांपैकी जेवढी सोय असेल तेवढे आकडे एका फेरीत उरकतात, शेवटच्या अपुऱ्या फेरीतले रिकामे रकाने प्रेडिकेट, म्हणजे चालू-बंद खुणांचा संच, बंद ठेवतो. मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो. रुंदी ठाऊक नसेल तर कंपायलरला काटेकोर मांडणी जमत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि काही कामांत त्याची किंमत मोजावीही लागते. पण ५१२ बिटांच्या एसव्हीईवर चालणारा जपानचा फुगाकू महासंगणक जून २०२०पासून टॉप५०० या वेगाच्या क्रमवारीच्या सलग चार याद्यांत पहिला होता. अर्थात, त्याला आकडे वेळेवर पुरवणारी एचबीएम२ मेमरी नसती, तर अनेक कामांत ही रुंदी उपाशीच राहिली असती.