वशिंडावरची न भरणारी जखम : कर्करोग की जंत?

बैलाच्या वशिंडावर जखम होते. हळद-तेल झाले, मलम झाले, तरी भरत नाही. जाड खपली धरते, ती निघाली की रक्त येते. मग कोणी म्हणतो, "हा कर्करोग, बैल कामातून गेला." कोणी डाग द्यायला सांगतो. पण घाई करू नका. अशी जखम कातडीतल्या बारीक जंतांचीही असते, आणि ती औषधाने बरी होऊ शकते.

हा जंत दोऱ्यासारखा, काही मिलिमीटर लांबीचा असतो. १९३६ साली आसामातल्या गुरांमध्ये त्याची नोंद झाली. जखमेवर बसणारी माशी त्याची पिले उचलते. माशीच्या पोटात ती सुमारे तीन आठवडे वाढतात आणि माशी दुसऱ्या जनावरावर बसली की तिकडे जातात. जखमेत वळवळणाऱ्या अळ्या वेगळ्या; त्या डोळ्यांना दिसतात, हे जंत सहसा दिसत नाहीत.

ओळखायचे कसे? आधी बारीक पुटकुळ्या येतात, केस गळतात, जनावर खांबाला अंग घासते. पुढे कातडी जाड व खरबरीत होते. म्हशीला अशाच जातीच्या जंताने कानाच्या मुळाशी जखम होते.

शिंगाच्या कर्करोगाची लक्षणे निराळी. बैल सारखे डोके झटकतो, एक शिंग कलते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. पुढे शिंग ढिले होऊन गळते व आत फुलकोबीसारखे मांस दिसते. हे दिसताच दवाखाना गाठा. लवकर शस्त्रक्रिया झाली तरच आशा असते.

तरी नुसत्या नजरेने खात्री होत नाही. डॉक्टर जखमेच्या कडेची कातडी थोडे रक्त येईपर्यंत खरवडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जंत दिसले नाहीत तर कातडीचा लहान तुकडा तपासणीला पाठवतात. एकदा जंत सापडले नाहीत म्हणजे कर्करोगच, असे समजू नका.

तोवर एवढे करा :
• डाग देऊ नका. रॉकेल, फिनेल ओतू नका.
• तपासणीआधी मलम लावू नका.
• जखमेच्या कडेने कडुनिंबाचे तेल लावा, म्हणजे माश्या कमी बसतील.
• शेण रोज उचला, उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा.
• दुभत्या जनावराला औषध दिले तर दूध किती दिवस वापरायचे नाही, ते डॉक्टरांना विचारा.

बैल विकायच्या आधी एकदा जखम तपासून घ्या.