मोटारीचे दिवे आणि सरकारी दंडक

मोटारीच्या मुखावरील दिवे ही केवळ रचनाकाराच्या सौंदर्यदृष्टीची निर्मिती होय, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु अमेरिकेतील इतिहास पाहता, त्या दिव्यांचा आकार, त्यांची संख्या, इतकेच नव्हे तर त्यांवर काचेचे आच्छादन असावे की नसावे, हेदेखील दीर्घकाळ कायद्यानेच ठरविले असल्याचे आढळते.

१९४० च्या सुमारास तेथील राज्यांतून असा नियम अमलात आला, की प्रत्येक मोटारीस सात इंच व्यासाचे दोनच वाटोळे दिवे असावेत, आणि तेही ‘सील्ड बीम’ जातीचे, म्हणजे तार, परावर्तक व भिंग मिळून काचेची एकच अखंड, बंदिस्त वस्तू असलेले. तत्पूर्वीच्या दिव्यांत ओल आणि धूळ शिरून परावर्तकाचा मुलामा काळवंडे, प्रकाश क्षीण होई, आणि बिघडलेल्या दिव्याचा जोड वाटेतल्या गावी मिळेलच याची शाश्वती नसे. या साऱ्या अडचणींचे त्या नियमाने निवारण केले, म्हणून तो आपल्या काळी अत्यंत लोकहितकारी होता, असेच माझे मत आहे.

मात्र प्रकाश कसा पडावा हे सांगून न थांबता वस्तूच कशी असावी हे त्याने कायम करून टाकले. पुढे चार लहान दिव्यांची आणि १९७० नंतरच्या दशकात चौकोनी दिव्यांची मुभा मिळाली खरी. पण १९६८ पासूनच्या मध्यवर्ती सरकारच्या १०८ क्रमांकाच्या मानकाने दिव्यांपुढील काचेस मज्जाव केल्यामुळे जॅग्वार ई-टाइपची सुडौल आच्छादने गेली, आणि सिट्रोएन डीएस या फ्रेंच गाडीचे, काचेआड राहून सुकाणूबरोबर वळणारे ते अपूर्व दिवे अमेरिकेत जाताना उघडे व स्थिर करावे लागले.

इंधनाच्या बचतीसाठी वाऱ्याला कमी अडविणारे मुख हवे, म्हणून हा नियम बदलावा, असा अर्ज फोर्ड कंपनीने सरकारकडे केला. १९८३ साली बल्ब बदलता येणाऱ्या दिव्यांना मंजुरी मिळाली, आणि लिंकन मार्क सेव्हन ही गाडी तसे दिवे घेऊन बाजारात आली. तेव्हापासून दिव्याला गाडीच्या अंगाप्रमाणे आकार घेता येऊ लागला.

तरीही नियमाला ‘डिपर’ आणि ‘अपर’ एवढे दोनच झोत ठाऊक होते. समोरच्या चालकापुरताच प्रकाश झाकून बाकीचा रस्ता उजळ ठेवणाऱ्या दिव्यांसाठी टोयोटाने २०१३ साली केलेल्या अर्जाला यश येण्यास २०२२ उजाडले. आणि त्या वेळी घातलेल्या कसोट्या युरोपातील कसोट्यांहून भिन्न असल्यामुळे, तिकडे सर्रास वापरात असलेले हे दिवे अमेरिकेत जसेच्या तसे चालत नाहीत, त्यांची जडणघडण कारखानदारांना नव्याने करावी लागते.