उपरी यष्टिरक्षक : एका संज्ञेचा व एका कारकीर्दीचा विचार

१. बेसबॉल या अमेरिकन खेळात फलंदाजाच्या पाठीमागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूस ‘कॅचर’ म्हणतात. आणि जो व्यावसायिक खेळाडू एका संघात स्थिर न होता अनेक संघांतून आपले कसब विकत हिंडतो त्यास ‘जर्नीमन’ अशी संज्ञा आहे. या दुसऱ्या शब्दाचा संबंध प्रवासाशी असावा असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तसे नाही. दिवसभराचे काम या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला. उमेदवारी संपविलेला, परंतु स्वतःचे दुकान थाटण्याइतका उस्ताद न झालेला, रोजमुऱ्यावर काम करणारा कारागीर हा त्याचा मूळ अर्थ होय. मराठीत या संज्ञेस प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वरवर क्षुल्लक असला तरी तो शोधताना आपल्या भाषेच्या काही खोडी उघड होतात.

२. ‘व्यावसायिक’ हा शब्द पुरेसा नाही, कारण त्यात स्थलांतराची छटा नाही. ‘धंदेवाईक’ या शब्दात हेटाळणी आहे. ‘कसबी’ हे विशेषण गौरवाचे, परंतु त्याचेच स्त्रीलिंगी रूप ‘कसबीण’ समाजाने भलत्याच अर्थी रूढ केले. देशी क्रिकेटमध्ये परप्रांतीय खेळाडूस ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात. या शब्दात आदर आहे, पण पाहुण्याने कधी तरी परत जावयाचे असते हेही त्यात गृहीत आहे. पेशवेकालीन महसुली कागदपत्रांत मात्र एक जोडी आढळते : ‘मिरासदार’ व ‘उपरी’. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपरी हा बाहेरून येऊन तीच जमीन कसणारा, परंतु हक्काविना राहणारा. घाम दोघांचाही सारखाच. भेद केवळ हक्काचा.

३. या जोडीच्या प्रकाशात चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द पाहण्याजोगी आहे. १९६१ साली मुंबईत जन्मलेले पंडित रमाकांत आचरेकर यांच्या तालमीत तयार झाले. उमेदवारीचा हा टप्पा सर्वार्थाने मिरासदाराचा होता, कारण मुंबई म्हणजे रणजी करंडकाची वतनदारीच. १९८६ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी कसोटीत पदार्पण केले. पण त्याच दौऱ्यात बडोद्याचे किरण मोरे यांनीही पदार्पण केले आणि यष्टीमागील जागा मोरे यांच्याकडे गेली. मोरे ४९ कसोट्या खेळले. पंडित १९९२ पर्यंत अवघ्या ५, आणि ३६ एकदिवसीय सामने. यांपैकी काही सामने ते केवळ फलंदाज म्हणून खेळले. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात वानखेडे मैदानावर दिलीप वेंगसरकर यांच्या जागी ते उतरले, तेही फलंदाज म्हणूनच. संघात यष्टिरक्षकाची जागा एकच असते. फलंदाजांत सहावा क्रमांक लाभतो. यष्टिरक्षकांत दुसऱ्यास बहुधा काहीच लाभत नाही. या पेशात उपरे अधिक निपजतात याचे कारण त्या जागेच्या रचनेतच आहे.

४. पुढे पंडित आसाम व मध्य प्रदेश या संघांकडून खेळले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ८,००० हून अधिक धावा काढल्या. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध त्यांच्या संघाने पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळविली होती. सामना अनिर्णित राहता तर त्या आघाडीच्या बळावर करंडक मध्य प्रदेशाचाच होता. परंतु शेवटच्या डावात संघ १५० धावांत गारद झाला आणि ९६ धावांनी हरला. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा जिंकलेला करंडक इंदूरच्या वाटेवरून असा परत फिरला.

५. खेळाडू म्हणून न मिळालेले उस्तादपण त्यांना प्रशिक्षक म्हणून मिळाले. मुंबईस त्यांनी २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ असे तीन वेळा विजेतेपद मिळवून दिले. नंतर ते विदर्भाकडे गेले. तोवर एकदाही करंडक न जिंकलेला हा संघ २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे विजेता ठरला. त्या संघात मुंबई सोडून आलेले वसीम जाफर होते, हेही लक्षात घेणे अगत्याचे आहे. शेवटी जून २०२२ मध्ये, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, पंडितांच्या मध्य प्रदेश संघाने मुंबईस ६ गडी राखून हरविले. तेवीस वर्षांपूर्वी जेथे कर्णधार म्हणून हार पत्करली तेथेच हा विजय मिळाला, आणि पराभूत झाला तो त्यांचा जन्मसंघ. उपऱ्याने मिरासदारावर मिळविलेला हा विजय होता असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो उपरी मुळात मिरासदाराच्याच घरचा होता, हा या घटनेतील खरा पेच होय.

६. या उदाहरणावरून अर्थविचाराच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, ‘उपरी’ हा शब्द आज परका, आगंतुक अशा हिणकस अर्थी उरला आहे. पूर्वी तो कष्टाच्या व हक्काच्या एका विशिष्ट नात्याचा वाचक होता. उपऱ्यास मिरासपत्र मिळण्याची सोयही त्या व्यवस्थेत होती. अर्थसंकोचात ती शक्यता लोपली. दुसरी, परकेपणाची सीमा भाषा ठरवीत नाही, व्यवस्था ठरविते. एकाच मराठी प्रदेशातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन रणजी संघ उतरतात. परभणीचा खेळाडू महाराष्ट्र संघाच्या कक्षेत येतो आणि त्या संघाचे केंद्र पुणे आहे. तोच खेळाडू उद्या नागपुरास गेला तर मराठीतच बोलेल, मराठीतच अपील करील, आणि तरीही कागदोपत्री पाहुणा ठरेल. ‘आपला’ व ‘बाहेरचा’ या शब्दांचा जिल्हानिहाय वापर तपासू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मैदानावरील ही बोली, शेतावरील बोलीइतकीच, अभ्यासाची सामग्री पुरवील.