रोज्यातलं घामोळं

मालेगावच्या यंत्रमागाच्या कारखान्यात दुपारी तीन वाजता डोक्यावरचा पत्रा तापलेला असतो. माग खडखडत असतात, अंगात बनियन आणि त्यावर सुताची भुकटी. घामात ती भुकटी कालवली जाते आणि मानेवर, पाठीवर, कमरेच्या नाडीखाली बारीक लाल पुरळ उठतं. चार-पाच रोजे झाले की तहानेची सवय होते. पाठीत टोचणाऱ्या सुयांची होत नाही. रात्री तरावीहच्या लांब नमाजीत खांद्याला खांदा लावून उभं असताना धड खाजवताही येत नाही.

‘रमजान’ हा शब्दच अरबीत तापण्याच्या, होरपळण्याच्या अर्थाच्या धातूपासून आला आहे. चांद्र वर्षामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. 2018 आणि 2019 साली तो ऐन मे महिन्यात होता, तिथून सरकत 2022 साली तो एप्रिलमध्ये आला होता. आपल्याकडे एप्रिलही काही गार नसतो.

घामोळे ही रक्तातली ‘गरमी’ नव्हे. त्वचेतल्या घामाच्या बारीक नळ्यांची तोंडं बंद होतात, घाम आतच अडकतो आणि आग, खाज सुरू होते. म्हणून उपाय एकच : अंग गार ठेवायचं आणि घाम वाळू द्यायचा. ओल्या अंगावर थापलेल्या पावडरीचा चिखल होतो, तेलाने तोंडं आणखी बुजतात. साध्या पाण्याने अंघोळ करावी, अंग न घासता टिपून घ्यावं, सैल सुती कपडे घालावेत. आग होईल तिथे पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवावं किंवा कॅलामाइन लोशन लावावं.

पण अडचण इथेच येते. दिवसा अंगावर पाणी घेतलं, औषध लावलं तर रोजाला बाधा येईल, या धास्तीने कित्येक जण इफ्तारपर्यंत आग सोसत राहतात. खुद्द पैगंबरांनी रोज्यात, तहान किंवा उष्म्यामुळे डोक्यावर पाणी ओतून घेतल्याची नोंद अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आहे. पाणी घशाखाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच. त्वचेवर लावलेल्या मलमानेही रोजा तुटत नाही. कारखान्यातून घरी आल्यावर असरच्या नमाजीआधी दोन तांबे पाणी अंगावर घेणं यात गैर काहीच नाही.

घरातल्या बायकांची गोष्ट निराळी. त्यांची खरी वेळ असरनंतरची. एका शेगडीवर भजी, दुसरीवर खिचडा, अंगात नायलॉनचा कुर्ता आणि डोक्यावर ओढणी. कोपराच्या आत, गळ्याशी घामोळे उठतं, आणि त्याबद्दल बोलायला मगरिबच्या अजानपर्यंत कोणाला फुरसत नसते. तळण सकाळी उरकणं शक्य नाही हे खरं, पण सुती कपडा आणि उघडी खिडकी तरी घरच्यांनी त्यांना मिळू द्यावी.

साधं घामोळे अंग गार राहिलं की थोड्या दिवसांत ओसरतं. पुळ्यांत पू झाला, ताप आला तर दवाखाना गाठावा. जांघेत, काखेत गोल कडा असलेला चट्टा पसरत असेल तर ते घामोळे नसून नायटा असण्याची शक्यता जास्त. त्यावर दुकानातून स्वतःच आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावली की खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आतून फैलावतो. आणि चक्कर येत असेल, अंग तापून बोलण्यात गोंधळ होत असेल, तर तो प्रश्न त्वचेचा राहिलेला नसतो. तिथे रोजा सोडून ताबडतोब उपचार घ्यावेत. आजाऱ्याला रोजा पुढे करण्याची मुभा कुरआनातच आहे.

ईदच्या खरेदीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. लहान मुलांच्या जरीच्या शेरवानीला, फ्रॉकला आतून अस्तर असतं ते बहुधा पॉलिएस्टरचं. सकाळच्या नमाजीपासून दुपारच्या शीरखुर्म्यापर्यंत पोर त्यातच असतं. आत एक सुती बनियन घातली तर ईदच्या संध्याकाळी ते रडत, पाठ खाजवत बसणार नाही.