मांजर, नळी आणि ‘कल्चर निगेटिव्ह’

पेरिटोनियल डायलिसिसचा पेशंट घरीच, साधारण दिवसातून चार वेळा, पोटात दोनेक लिटर द्रव सोडतो आणि काही तासांनी काढून टाकतो. काढलेला द्रव गढूळ आला की पहिली शंका पेरिटोनायटिसची. दर मायक्रोलिटरला 100 हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल दिसले, की शंका बरीच पक्की होते. बहुतेक वेळा दोषी असतात त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस. जोडणी करताना कुठेतरी हात लागलेला असतो.

पण कधीकधी कल्चरमध्ये उगवतो पाश्चुरेला मल्टोसिडा. हा मांजराच्या तोंडात राहणारा जंतू. मांजराला लोंबती नळी म्हणजे खेळणंच! दात लागला, बारीक भोक पडलं, की जंतूला आत जायची वाट मोकळी. पेनिसिलीनने तो सहसा आटोक्यात येतो. पण घरात मांजर आहे का, हे कुठलंच यंत्र विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

खरी पंचाईत क्षयरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांची: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस. हे पाण्यात, मातीत असतात. ग्राम स्टेनमध्ये कधी दिसतच नाहीत, तर कधी डिफ्थेरॉइडसारखे दिसतात आणि ‘त्वचेवरची भेसळ’ म्हणून सोडून दिले जातात. तोवर नेहमीची अँटिबायोटिक्स चालूच आणि द्रव गढूळच. योग्य औषधं 5 दिवस देऊनही द्रव निवळला नाही तर कॅथेटर काढायचा, असा संकेत आहे. कॅथेटर गेला की घरचं डायलिसिस थांबलं. मग हेमोडायलिसिससाठी बहुधा आठवड्यातून तीनदा सेंटरच्या फेऱ्या. लांब राहणाऱ्या माणसाचं अख्खं आयुष्यच त्याने बदलतं.

आता तुमच्या कामाचं. असे जंतू आपल्याला भेटतात ते मुख्यतः केस रिपोर्टमध्ये. तिथे अंश असतो, छेद नसतो. नेहमीच्या स्टॅफिलोकोकसवर एका पेशंटचा रिपोर्ट कोण छापणार? त्यामुळे दहा रिपोर्ट वाचून ‘प्रमाण वाढतंय’ असं लिहू नका. माल्डी-टॉफ आणि 16एस जनुकाचं सिक्वेन्सिंग आल्यावर पूर्वी नुसता ‘ग्राम निगेटिव्ह बॅसिलस’ म्हणून नोंदला जाणारा जंतू आज नावानिशी नोंदला जातो. संसर्ग वाढले की ओळख वाढली, हे वेगळं काढावं लागतं.

आणि ‘कल्चर निगेटिव्ह’ म्हणजे जंतू नव्हता असंही नाही. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हे प्रमाण 15 टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलंय. पेपर वाचताना थेट ‘पद्धती’ विभागात जा: नमुना अँटिबायोटिकच्या आधी घेतला होता का? द्रव ब्लड कल्चरच्या बाटलीत लगेच भरला का? आणि बाटली किती दिवस ठेवली?