साखरपुड्याच्या छायाचित्रांतील बहीण

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः हळदीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसमत परिसरात, हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते आणि लग्नसराईही त्याच सुमारास येते. त्यामुळे सुपारी फुटली, म्हणजे सोयरीक पक्की झाली, की शेतीची कामे सांभाळूनच साखरपुडा उरकावा लागतो.

या विधीत वराकडील सुवासिनी वधूला कुंकू लावतात, साडी देतात, खण, नारळ, हळकुंड व सुपारी घालून तिची ओटी भरतात आणि साखरेचा पुडा तिच्या हाती ठेवतात. अंगठ्या घालण्याचा भाग अलीकडे त्याला जोडला गेला आहे. ओटी घेताना वधूचा पदर सावरणारी तिची बहीण असते, तर कुंकवाचे ताट पुढे करणारी बहुधा वराची बहीण असते. कॅमेऱ्याचा रोख मात्र अंगठीवर असल्याने या दोघींचे केवळ हात किंवा पाठमोऱ्या आकृती छायाचित्रात उरतात. जाणता छायाचित्रकार म्हणूनच विधीचा क्रम आधी विचारून घेतो आणि ओटीच्या वेळी समोर उभा न राहता किंचित बाजूला सरतो, जेणेकरून ओटी भरणारीचा हात आणि पदर धरणारीचा चेहरा एकाच चौकटीत येतात.

दोन बहिणींचे स्वतंत्र छायाचित्र घेताना अडचण वेगळी असते. रंगीत कापडाच्या मांडवातून झिरपणारे ऊन चेहऱ्यांवर त्या कापडाचीच छटा चढवते, म्हणून त्यांना ओसरीच्या मोकळ्या सावलीत आणणे श्रेयस्कर ठरते. ८५ मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ/२ इतके उघडे ठेवल्यास पार्श्वभूमी सुंदर धूसर होते, परंतु एक बहीण वीतभर मागे असली तरी तिचे डोळेही धूसर होतात; छिद्र एफ/४ किंवा एफ/५.६ पर्यंत लहान करून दोघींचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणले, तरच दोघींना समान मान मिळतो.

हा आग्रह केवळ तंत्राचा नाही. हीच बहीण लग्नात करवली, म्हणजे हाती करा घेऊन वधू किंवा वराच्या पाठीशी उभी राहणारी मानकरीण होते, दरवर्षी भाऊबीजेला भावाला ओवाळते आणि पुढे बारशात आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगते. कुटुंबाच्या प्रत्येक टप्प्यावर तिच्याकडे ठरलेले काम असते, आणि ते काम करतानाचे तिचे छायाचित्र पाहुण्यांच्या रांगेतील औपचारिक छायाचित्रापेक्षा तिच्याविषयी अधिक सांगते. त्यामुळे अल्बम छापताना अशा छायाचित्रांना स्वतंत्र पान द्यावे आणि खाली नाव, नाते व तारीख लिहावी. पुढच्या पिढीला आपल्या आत्या-मावश्यांनी घराची कार्ये कशी पेलली, हे त्यावरून नेमके कळेल.