दिल्लीचे मत, गल्लीचे मत

महूचा माणूस राहतो इंदूर जिल्ह्यात आणि खासदार निवडतो धारचा. महू विधानसभा क्षेत्र धार लोकसभा मतदारसंघात मोडते आणि ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. बाहेरच्याला हे चमत्कारिक वाटते. महूकरांच्या अंगवळणी पडले आहे. या छावणीच्या गावात मतदानाची वाट सरळ कधी नव्हतीच.

1818 मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांचा मुलूख इंग्रजांच्या टाचेखाली आला आणि महूला छावणी पडली. भोवती संस्थान, मध्ये इंग्रजी अंमल. इंग्रजांच्या प्रांतांत 1935 च्या कायद्याने मताधिकार वाढवला, तरी मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट होतीच; प्रौढांपैकी जेमतेम सहाव्या हिश्श्याला मत मिळाले. महू तर कोणत्याच प्रांतात नव्हते.

याच छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव आंबेडकर जन्मले. पुढे सत्ताविसाव्या वर्षी, जानेवारी 1919 मध्ये, त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि मताधिकाराच्या अटी सैल करण्याचा आग्रह धरला. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे मागणी आणखी स्पष्ट होती: प्रत्येक प्रौढाला मत. अक्षरशत्रू माणसाला मत कसे द्यायचे, असा सवाल तेव्हा भलेभले विचारत होते. राज्यघटनेच्या 326 व्या कलमाने तो वाद निकालात काढला. एकवीस वर्षे पूर्ण झालेला प्रत्येक नागरिक मतदार झाला.

कागदावर हे एका ओळीचे काम होते. प्रत्यक्षात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सतरा कोटींहून अधिक नावे गोळा करायची होती, तीही फाळणीच्या आणि महायुद्धाच्या झळा ताज्या असताना. महू तेव्हा मध्यभारत या नव्या राज्यात होते. संस्थाने विलीन करून ते 1948 मध्ये उभे राहिले होते. घरोघर फिरणाऱ्या कारकुनाने नाव विचारले, की अनेक बाया ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगत. परक्या पुरुषाला आपले नाव सांगायची रीतच नव्हती. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीबाहेर राहिली. असे प्रकार ज्या राज्यांत जास्त घडले, त्यांत मध्यभारतही होता. सेन यांचा कडकपणा त्या बायकांना महागात पडला खरा. पण ‘अमक्याची आई’ म्हणून नोंद झाली असती, तर केंद्रावर तिची ओळख कशी पटवणार?

बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली. पेटीवर चिन्ह. मतपत्रिकेवर काही खूण करायची नाही, हव्या त्या पेटीत ती सोडायची. लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांवर मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. या निवडणुकीत खुद्द आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले.

1989 मध्ये मतदाराचे वय अठरावर आले. त्यानंतरच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत शेजारच्या इंदूरने चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन यांना निवडून दिले आणि तेव्हापासून सलग आठ वेळा दिल्लीला पाठवले.

दिल्लीच्या मताची ही चढती कमान. गल्लीत मात्र कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. 2006 च्या कायद्यानुसार त्यात निवडलेले आणि नेमलेले सदस्य समसमान, अध्यक्ष लष्करी अधिकारी. त्यातही सगळ्यांना मत नाही. पचमढी छावणीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ठरवले, की संरक्षण खात्याच्या जमिनीवर बेकायदा बांधलेल्या, क्रमांक नसलेल्या घरातल्या रहिवाशाचे नाव बोर्डाच्या मतदारयादीत येणार नाही. लोकसभेच्या यादीला ही अट नाही. त्यामुळे एकाच उंबऱ्यातला माणूस पंतप्रधान ठरवण्यात वाटेकरी होऊ शकतो, वॉर्डाचा सदस्य ठरवण्यात नाही.

बोर्डाच्या निवडलेल्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली. 30 एप्रिल 2023 रोजी 57 छावण्यांत मतदान व्हायचे होते. मार्चमध्येच ते रद्द झाले. अशा वेळी बोर्ड तिघांचे उरते: लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि केंद्राने नेमलेला एक नागरिक. 13 मे 2024 ला महूकरांनी बोटाला शाई लावून धारचा खासदार निवडला. नळाला पाणी आले नाही तर दार ठोठावायला निवडून दिलेला वॉर्ड सदस्य तेव्हा गावात नव्हता.